भाऊजी, सातपैकी सहा सुरू झाले

प्रिय भाऊजी,

अनेक आशीर्वाद. आता तुम्ही जिथे आहात तिथे मी आशीर्वाद द्यायचे की मागायचे, हे गुरुजींना विचारायचं राहूनच गेलं. पण मोठी वहिनी म्हणून इतकी वर्षं दिले, आज कशाला ती रीत मोडू?

काल चांदोदला तुमचं वर्षश्राद्ध झालं. नर्मदेला पाणी चांगलं होतं. काकबळी ठेवला आणि कावळा लगेच आला. तुमचे दादा म्हणाले, "बघ, जिवंतपणी जेवायला दहा हाका माराव्या लागायच्या, आज न बोलावता हजर!" मग पंचाच्या टोकानं डोळे पुसले आणि वाऱ्यानं धूळ गेली म्हणाले. मीही हो म्हटलं.

आज दुपारी जेवणं झाली, ओटा पुसला, आणि सवयीनं माडीचा जिना चढले. वर जाऊन उभी राहिले तेव्हा लक्षात आलं, की आता इथे करायचं काही उरलेलं नाही! चार महिने रोज दुपारी मी या टेबलाशी बसत होते. आज टेबल पुसून स्वच्छ. घडियाळी पोळाच्या गल्लीतला आवाज खालून येतोय, बाकी शांत. मग वाटलं, ज्यांचं काम होतं त्यांना झालं की नाही ते कळवायला नको का? म्हणून हे पत्र.

तर भाऊजी, तुम्ही कोकिलाबेनना दिलेला शब्द पुरा झाला. सातपैकी सहा सुरू झाले. सातव्याचं नंतर सांगते.

आठवते ना ती संध्याकाळ? कोकिलाबेन डभोईहून आल्या होत्या. त्यांचे मिस्टर बाजव्याला तुमच्याच कारखान्यात होते, म्हणून ओळख. ते गेल्यावर त्यांनी डभोईत मुलींचं छात्रालय सांभाळायला घेतलं. खेड्यांतून शिकायला आलेल्या तीस मुली आणि कॉम्प्युटर एकही नाही, असं त्या सहज बोलून गेल्या. मागितलं काहीच नव्हतं. आणि तुम्ही खमणाचा घास तोंडात असतानाच म्हणालात, "सात देतो."

सात! दादांनी माझ्याकडे पाहिलं, मी दादांकडे. माडीवर तुम्ही जमवलेले ते जुन्या कॉम्प्युटरचे डबे कुठल्या कुठल्या कचेऱ्यांनी टाकून दिलेले. त्यांच्यातल्या डिस्कसुद्धा आधीच काढून घेतलेल्या. दादा म्हणाले, "अरे, त्यांना डोकं आहे पण आठवण नाही. सुरू कसे होणार?"

तुम्ही म्हणालात, "आठवण आपण बाहेरून देऊ."

मग तुम्ही मला समजावलंत. पेनड्राइव्हवर अख्खी कार्यप्रणाली बसवायची. मुलीनं तो लावायचा, बटण दाबायचं, कॉम्प्युटर पेनड्राइव्हवरूनच चालू होणार. काम झालं की काढून घ्यायचा. मशीनच्या पोटात काही लिहायचं नाही, काही पुसायचं नाही, कशाला शिवायचं नाही.

मी म्हटलं, "म्हणजे सोवळ्यातला कॉम्प्युटर!"

किती हसलात! दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरी जाऊनसुद्धा सांगून आलात.

दादांचं म्हणणं होतं की असल्या गोष्टी तयार मिळतात, एवढा खटाटोप कशाला. त्यावर तुमचं उत्तर ठरलेलं. "तयार मिळतात, दादा. पण त्यात शंभर गोष्टी नको त्या असतात आणि हवी ती नेमकी नसते. आपण आपला करायचा." दादा म्हणाले, "हे घरीच जात्यावर दळण्यासारखं झालं." तुम्ही म्हणालात, "अगदी तसंच!" आणि भांडण तिथेच संपलं. दोघा भावांची भांडणं नेहमी अशीच संपायची. मला त्यात बोलायला वावच मिळायचा नाही.

तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, वाचायची बंदी आली, म्हणून मी तुमची लेखनिक झाले. तुमची वही सापडेना तेव्हा माझ्या हिशेबाच्या वहीची मागची पानं उघडली. तुम्ही पलंगाला टेकून एकेक अक्षर सांगायचात, मी मॅट्रिकच्या इंग्रजीत लिहून घ्यायचे. मी विचारलं होतं, "हे मला कळणार कधी?" तर म्हणालात, "वहिनी, तुम्ही वाण्याला महिन्याची यादी देता ना? एका ओळीत एक जिन्नस. वाणी वाचतो, काढतो, बांधून पाठवतो. ही तीच यादी. वाणी फक्त कॉम्प्युटर आहे." एवढं सोपं मला शाळेत कुणी सांगितलं असतं तर मी पुढेही शिकले असते!

आता एक मनात सलणारी गोष्ट. एका सकाळी तुम्ही वरून हाक मारलीत, "वहिनी, दोन मिनिटं वर या! सुरू झालंय!" मी खालून ओरडले, "पुरण शिजतंय, नंतर येते." तुम्ही परत हाक मारली नाहीत. ते नंतर काही आलं नाही. पुरण दोन मिनिटांनी काय करपलं असतं हो?

आणि तुमचंही चुकलंच, भाऊजी. छातीत दुखत होतं ते आम्हाला सांगायला काय झालं होतं? गॅस झालाय म्हणालात. माझ्याच डब्यातला ओवा मागून घेतलात आणि मीही मुकाट दिला! लपवायला तुम्ही हुशार, आणि विश्वास ठेवायला मी. जाऊ दे. आज रागवायचं नाही असं ठरवून बसले आहे.

तुम्ही गेल्यावर दादा माडी चढलेच नाहीत. गुडघे दुखतात म्हणायचे. गच्चीवर वाळवण घालायला मात्र तेच गुडघे चालायचे, पण माडीचं दार आलं की नजर भिंतीकडे. एकदा मला म्हणाले, "भंगारवाल्याला बोलावून ती माडी मोकळी कर." मी ऐकलं न ऐकलंसं केलं. धूळ मात्र दर शनिवारी पुसत राहिले.

मग कोकिलाबेनचा फोन आला. बिचाऱ्या फार संकोचानं बोलत होत्या. तुमच्या सात कॉम्प्युटरसाठी त्यांनी एक खोली तेव्हापासून रिकामी ठेवली होती. "भाभी, ट्रस्टीओ कहे छे के रूम खाली पडी छे, तो एमां गादलां मूकी दो." मला वाईट वाटू नये म्हणून आधी सांगतेय, म्हणाल्या. भाई नाहीत तर आता कोण करणार, गाद्या ठेवू द्या.

माझ्या तोंडून निघून गेलं, "गाद्या ठेवू नका, बेन. भाऊजींनी सांगितलं होतं ते मी करते. वर्षश्राद्धाच्या आत."

समोर दादा पेपर वाचत होते. पेपर खाली आला. "तू? तुला कॉम्प्युटर चालू तरी करता येतो का?"

"नाही येत. वही येते."

दुसरे दिवशी गुरुवार होता. दत्ताची पूजा झाल्यावर उजव्या हातात पाणी घेतलं आणि संकल्प सोडला. तुम्ही देवाला फारसं मानत नव्हतात, पण संकल्पाचं पाणी ताम्हनात पडलं की मला मागे फिरता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. सोळा सोमवारांच्या वेळी ताप असतानासुद्धा मी ते मोडले नव्हते. एखाद्यानं शब्द देऊन अर्ध्यावर जावं आणि घरच्यांनी तो गादीखाली घालावा, हे मला देवासमोर बसून सांगता आलं नसतं.

सुरुवातीचे पंधरा दिवस काय सांगू! तुम्ही त्या सकाळी सुरू केलेला पेनड्राइव्ह कुठे ठेवलात ते सापडलंच नाही, म्हणून सगळं वहीवरून पहिल्यापासून. तुमचा तो चांगला कॉम्प्युटर, ज्यावर बाकीचं बनवायचं, तो उघडायला शिकले. एका बोटानं यादी लिहायची. ओळ लिहिली की वहीशी ताडून बघायची. मग तुम्ही सांगितलेला तो एक हुकूम टाइप करायचा आणि वाट बघायची. दादांचा मोबाइल शेजारी ठेवून त्याचं नेट जोडायचं. पडद्यावर अक्षरं अशी धावायची, की जत्रेत मूल हरवावं तसं माझं होई. मग एकदम सगळं थांबायचं आणि खाली इंग्रजीत काहीतरी लिहून यायचं.

तिसऱ्यांदा असं थांबलं तेव्हा मी जिन्यात येऊन हाक मारली, "अहो, जरा वर येऊन हे काय लिहिलंय ते वाचता का? माझ्या इंग्रजीच्या पलीकडचं आहे."

खालून फक्त पेपराचं पान उलटल्याचा आवाज आला.

"रेल्वेत एवढी वर्षं इंग्रजी पत्रं लिहिलीत, घरच्या कामाला नाही का उपयोगी पडायची?"

मग जिन्यावर पावलं वाजली. दारात दोन क्षण थांबले. तुमची खुर्ची, त्यावरचा तुमचा तो रुमाल, सगळं बघितलं. मग चष्मा चढवून सरळ पडद्यासमोर आले आणि कचेरीतल्या आवाजात म्हणाले, "सापडत नाही म्हणतोय."

"काय सापडत नाही?"

"ते तो सांगतोय ना. पाचवी ओळ. तू दोन जिनसा एकाच ओळीत लिहिल्यात, मध्ये जागा सोडलेली नाहीस. असला जिन्नस दुकानात नाही म्हणतोय."

"मग तसं मराठीत सांगायला काय होतं त्याला!"

हसले हो! तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. त्या दिवसापासून ठरलंच. हुकूम मी द्यायचा, चूक यांनी वाचायची. चूक वाचण्यात यांचा हात कुणी धरणार नाही, हे संसारात मी अनुभवलंच आहे. दुपारचा चहा माडीवर येऊ लागला. गुडघ्यांचं नाव निघेनासं झालं.

वहीत मी प्रत्येक खटपट मांडत गेले. डाव्या बाजूला आज काय घातलं, उजव्या बाजूला काय निघालं. हिशेबाची सवय अशी कामाला आली. अठराव्या वेळी उजवीकडे पहिल्यांदा लिहिलं, "झालं."

पेनड्राइव्हवर ते उतरवण्याआधी तुमची सूचना लाल शाईत आहे. कुठे लिहायचंय ते नाव तीनदा वाचा, चुकीच्या नावावर लिहिलंत तर तिथलं सगळं जाईल. मी तीनदा वाचलं, दादांनी तीनदा वाचलं, मग मी मनात दत्ताचं नाव घेतलं आणि कळ दाबली. पेनड्राइव्ह तुम्हाला कारखान्यातल्या शिबिरांत फुकट मिळालेले, लहान मापाचे. नवे आणू या म्हणाले दादा. मी म्हटलं, असलेले चालतात तर नवे कशाला?

मग सातांतला एक डबा लावला. सुरू होताना ती वरची कळ टकटक दाबत राहिले, पेनड्राइव्ह निवडला. काळा पडदा. मग अक्षरं. मग निळं आकाश आणि त्यावर मराठीत "सुस्वागतम्"! भाऊजी, आपल्याच हातची गोष्ट आपल्याशी बोलायला लागली की कसं वाटतं, ते मला त्या दिवशी कळलं. तुम्ही त्या दिवशी हाक मारलीत ती याचसाठी.

त्यानंतरची फजिती ऐका. मला इतका आनंद झाला, की दोन दुपारी बसून त्याच्यावर आमच्या भजनी मंडळाची सगळी स्तोत्रं टाइप केली. एका बोटानं! तिसऱ्या दिवशी उघडलं तर काही नाही. एक अक्षर नाही. निळं आकाश आणि "सुस्वागतम्". मी तुमच्या नावानं असं काही बोलले की आज लिहीत नाही. आणि मग वहीत बघते तर माझ्याच अक्षरात लिहिलेलं, "बंद केलं की कोरं. जपायचं ते दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवा."

त्या रागातच खाली आले. श्रावणी सोमवार होता, पार्थिव पूजेसाठी माती भिजवून ठेवलेली. मातीची पिंड केली, बेल वाहिला, आणि पिंड हातात असताना थांबले. ही मी दर सोमवारी नव्यानं करते आणि संध्याकाळी विसर्जन करते. मागच्या सोमवारची पिंड आज नाही म्हणून मी कधी रडले होते का? दर वेळी नवी, दर वेळी स्वच्छ, तीच तर तिची शोभा! मग राग गेला. तीस मुली येणार, उलटसुलट कळा दाबणार, आणि दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा जसंच्या तसं. तुम्ही हे सगळं विचार करून ठरवलं होतंत. मीच घाईनं बोलले. क्षमा करा.

आता खरी चूक सांगते. ती तुमची नाही, माझी.

पेनड्राइव्ह लहान, यादी मोठी. काही मावेना. म्हणून मी यादी निवडायला बसले, जसे तांदूळ निवडावेत तशी. हे नको, ते नको. त्यात तुम्ही सांगितलेली एक ओळ गुजराती अक्षरांची होती आणि एक आपल्या मराठीची. मी विचार केला, दोन कशाला? एकच ठेवायची तर आपली ठेवावी. गुजराती काढली. आणि त्या जागी काय घातलं ठाऊक आहे? आमच्या मंडळाच्या भजनांचं रेकॉर्डिंग! मुलींच्या कानावर चांगलं पडेल म्हणून. कुणी मागितलं होतं?

घरी सगळं छान चाललं. आम्ही दोघं मराठी वाचणारे, आम्हाला कसं कळावं? दसरा झाल्यावर टेम्पो केला, साती डबे गोधड्यांत गुंडाळले आणि डभोईला गेलो. कोकिलाबेननी खोली सारवल्यासारखी स्वच्छ केली होती. टेबलं मांडलेली. दारात मुली दाटीनं उभ्या. पहिला डबा सुरू झाला, मुलींनी टाळ्या वाजवल्या. कोकिलाबेननी मुलींचे धडे एका पेनड्राइव्हवर आणून ठेवले होते, ते उघडले.

पडद्यावर सगळे रिकामे चौकोन. ओळीच्या ओळी नुसते चौकोन, जशी खिडक्यांची चाळ.

कोकिलाबेन चष्मा पुसून पुन्हा बघायला लागल्या. "भाभी, आ तो बधे चोकठां ज चोकठां!"

एका मुलीनं हळूच दुसरीला विचारलं, वर काय लिहिलंय. दुसरी म्हणाली, "मराठी छे. आपणने ना आवडे." आपल्याला येत नाही.

भाऊजी, मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. जन्म बडोद्याचा. पोळाच्या तोंडाशी पाऊल टाकलं की शाकवाल्याशी गुजराती, रिक्षावाल्याशी गुजराती, शेजारणीच्या सुखदुःखात गुजराती. आणि त्यांच्या लेकरांसाठी केलेल्या वस्तूतून मी त्यांचीच भाषा वेचून बाहेर टाकली! कोकिलाबेन पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "चिंता ना करो, भाभी." पण ट्रस्टींपैकी एक गृहस्थ दाराशी उभे होते. ते म्हणाले, दिवाळीच्या सुट्टीनंतर गाद्या येणारच आहेत, तोवर बघा. बोलले सौम्यच. तेच जास्त लागलं.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले. दादांनी तिकिटं घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाले, "उंबरठ्याच्या आत मराठी, बाहेर गुजराती, आपलं असंच चालतं. तू कॉम्प्युटर घरातल्यासारखा केलास आणि दिलास बाहेर."

"मग तुम्ही का नाही सांगितलं?"

"मलाही घरातलाच वाटत होता तो."

त्या उत्तरानं माझं अर्धं ओझं उतरलं. या माणसानं "मलाही" म्हटलेलं मी लग्नानंतर किती वेळा ऐकलंय, ते एका हाताच्या बोटांवर मोजता येईल.

घरी आल्यावर हातपाय धुतले, देवापाशी दिवा लावला, आणि दुसऱ्या दुपारी वही उघडली. तुम्ही सांगितलेली ती गुजरातीची ओळ मी रेघ मारून खोडलेली. ती पुन्हा लिहिली. किती जागा लागते ते दादांनी बघितलं आणि म्हणाले, "अगं, ही तर चिमूटभर आहे! खरी जागा खाल्लीय तुझ्या भजनांनी." म्हणजे चिमूट टाकून दिली आणि पोतं ठेवलं! भजनं काढली. मंडळातल्या बायकांना हे सांगू नका हं. तुम्ही आता सांगणार तरी कुणाला म्हणा!

गुजराती अक्षरं घातली, गुजराती टाइप करायची सोय घातली, "सुस्वागतम्" काढून "पधारो" लिहिलं. ते लिहायला शेजारच्या बेननी मदत केली. अवघडातलं अवघड काम वाटलं होतं ते एका दुपारीत झालं. कारण सगळं यादीतच होतं. यादीत एक ओळ बदलायची आणि पुन्हा बांधून घ्यायचं. तुमची ही पद्धत किती शहाणी आहे, ते चूक केल्यावरच कळलं. या वेळी पेनड्राइव्हवर उतरवल्यावर आधी शेजारच्या बेनना बोलावून वाचायला बसवलं. "वांचो," म्हटलं, "एक एक अक्षर वांचो."

काल चांदोदहून येताना डभोईला उतरलो. सात पेनड्राइव्ह माझ्या बटव्यात, प्रत्येकाला वेगळ्या रंगाच्या लोकरीचा गोंडा, म्हणजे मुलींकडून अदलाबदल व्हायला नको. श्राद्धाच्या दिवशी दुसऱ्याकडे पाणीसुद्धा नको असं दादा गाडीत बजावत होते. कोकिलाबेननी आल्याचा चहा पुढे केला तेव्हा पहिला पेला दादांनीच उचलला.

दिवाळी होऊन गेली होती. त्या खोलीच्या दाराशी गाद्यांचा ढीग बांधून ठेवलेला. फक्त आत ढकलायच्या बाकी. आम्ही त्या ढिगाला वळसा घालून आत गेलो.

पहिला लावला. काळा पडदा. माझा हात बटव्यावर घट्ट. मग अक्षरं, आणि मग "पधारो". कोकिलाबेननी धडा उघडला. या वेळी कुणी टाळी वाजवली नाही. सगळ्या वाचायला लागल्या होत्या! एकीनं मोठ्यानं सुरू केलं, दुसरीनं तिच्या पुढची ओळ घेतली, तिसरी म्हणाली, "धीमे वांच ने!" मग त्यांनी मला हात लावूच दिला नाही. दुसरा त्यांनीच लावला, तिसरा, चौथा. माझ्या हातातून गोंडे जात राहिले.

सहा झाले. सातवा मात्र एक चमकणारी रेघ दाखवत बसला, पुढे सरकेना. दादांनी तासभर त्याची चूक वाचायचा प्रयत्न केला, पण त्यानं चूकही लिहून दिली नाही. शेवटी कोकिलाबेन म्हणाल्या, राहू दे, याचं झाकण उघडून ठेवू, पोटात काय असतं ते मुलींना बघू दे. तुम्हाला हे आवडलं असतं. तुम्ही स्वतःच सगळ्यांची झाकणं उघडी ठेवायचात आणि मी उंदीर शिरतील म्हणून ओरडायचे.

निघताना त्या ट्रस्टी गृहस्थांनी आत डोकावून बघितलं. कोकिलाबेननी त्यांना बोलूच दिलं नाही. "हवे गादलां बीजे मूकीशुं," म्हणाल्या, गाद्या आता दुसरीकडे ठेवू. आणि दोन मुलींना हाक मारून ढीग उचलायलाच लावला.

बसमध्ये दादा म्हणाले, "झालं ना तुझं उद्यापन?" मी हो म्हटलं. खरं तर माझ्याही मनात तेच होतं, की वही मिटवायची, आता सुटले. पण निघण्याआधी मी त्या मुलींना एक प्रश्न विचारून आले होते, जो मला पहिल्या दिवशी विचारायला हवा होता. म्हटलं, "आमां शुं जोइए छे?" यात तुम्हाला काय हवंय? आधी लाजल्या. मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. चित्र काढायचं काहीतरी. नकाशा. टायपिंग शिकवणारं. इंग्रजी शब्दाचा अर्थ सांगणारं. मी वही काढून उभ्या उभ्या लिहून घेतलं, एका ओळीत एक. शेवटी सगळ्यात धाकटी पुढे आली आणि म्हणाली, "बा, एक गेम." बाकीच्यांनी तिला दटावलं. मी ते पण लिहिलं.

म्हणून भाऊजी, वचन देते. दरवर्षी तुमच्या तिथीच्या आधी ही यादी नव्यानं बांधीन आणि पेनड्राइव्ह नवे करून डभोईला नेऊन देईन. आणि यादी माझ्या मनानं करणार नाही, त्यांनी सांगितलेली करीन. गेमला मात्र दादांचा विरोध आहे. अभ्यासाच्या वस्तूत खेळ कशाला, म्हणतात. पण तुम्ही असतात तर सगळ्यात आधी तोच घातला असतात आणि दोन दिवस खेळून बघितला असतात, हे त्यांनाही माहीत आहे, मलाही. घालते. काळजी करू नका.

दादांचे आशीर्वाद. ते खालून विचारताहेत, चहा वर आणू का!

तुमची,
वहिनी